‘इतर दीडशे ते दोनशे अनोळखी’: बेळगावात पोलिसी थरारपट करताना

पेटलेलं शहर आणि विकला गेलेला पोलीस असा विषय निघाला की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे दगडफेक, लाठीमार आणि जळकी गाडी येते. पण दगडफेक दोन तासांत संपते. पैसा फिरतो तो पुढचे काही महिने, आणि तोही फिर्यादीतल्या एका ओळीवर. सुरुवातीला पाच-सात जणांची नावं असतात आणि शेवटी लिहिलेलं असतं, ‘व इतर दीडशे ते दोनशे अनोळखी इसम’. या ओळीत कुणालाही बसवता येतं. ज्याचं दुकान बरं चालतंय, ज्याच्या पोराच्या पासपोर्टची पडताळणी अडकलीय, ज्याची सरकारी नोकरीची ऑर्डर यायचीय, त्याला ठाण्यात बोलवायचं, मोबाईलवर गर्दीचा व्हिडिओ दाखवायचा आणि विचारायचं, “हा निळा शर्टवाला कोण ओ?” नाव घालायला पैसे लागत नाहीत, न घालायला लागतात. आम्ही सिनेमाचा सगळा व्यवहार या एका ओळीवर उभा केला. गणवेश, गर्दी, धूर हे त्याच्यामागून आलं.

पटकथेत पहिल्यांदा ठरवायचं ते गोष्टीचं साल. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि ठाण्यातला प्रत्येक कागद बदलला. आधीच्या काळातली गोष्ट असेल तर बेकायदा जमाव आणि दंगलीला भारतीय दंडसंहितेची १४३, १४७, १४८, १४९ ही कलमं. नंतरची असेल तर भारतीय न्यायसंहितेची १८९ ते १९१. जमावबंदीचं १४४ आता नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालंय. पात्रांच्या तोंडी ‘एकशे चव्वेचाळीस’ खुशाल ठेवा, रस्त्यावर लोक अजून तसंच म्हणतात. भिंतीला चिकटवलेल्या आदेशावर मात्र १६३ हवं. त्या आदेशावर सही कुणाची, हेही बघायचं. बेळगाव शहराला पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे शहरात आयुक्तांची. गोष्ट खानापूरला किंवा निपाणीला नेली की सही महसूल खात्याकडच्या दंडाधिकाऱ्याची.

साल ठरलं की कुठली लबाडी शक्य आणि कुठली नाही, हे आपोआप ठरतं. फिर्यादीचं पान कोरं सोडून मागाहून भरायचं, ही जुन्या सिनेमातली युक्ती आज चालत नाही. नोंद संगणकावर होते, क्रमांक आपोआप पडतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानुसार संवेदनशील गुन्हे वगळता फिर्याद साधारण २४ तासांत वेबसाइटवर चढवावी लागते. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण नव्या संहितेत सक्तीचं आहे. ठाण्यात कॅमेरे लावायचा आदेश डिसेंबर २०२० चा. चित्रण १८ महिने, निदान वर्षभर तरी ठेवायचं. म्हणजे आजच्या काळातल्या सिनेमात नायक कोठडीत मार खातो आणि कॅमेऱ्याचं कुणी नावच काढत नाही, असं दाखवलं तर जाणकार प्रेक्षक तिथेच सुटतो. कॅमेरा बंद होता का, कुणी केला, डायरीत ‘तांत्रिक बिघाड’ ही नोंद किती वाजताची आहे, यातूनच आम्हाला दोन चांगले प्रसंग मिळाले. ‘अनोळखी इसम’ ही ओळ मात्र या सगळ्या सुधारणांतून सहीसलामत राहिलीय.

दुसरं हत्यार म्हणजे रौडीशीट, म्हणजे ठाण्यात एखाद्याची गुंड म्हणून उघडलेली नोंद. महाराष्ट्रातल्या लेखकाला हे चटकन सुचत नाही. कर्नाटकात एकदा रौडीशीट उघडली की सण आला, निवडणूक आली, ठाण्यात हजेरी लावा. ती न उघडण्याचा दर आणि उघडलेली बंद करण्याचा दर वेगळा ठेवला, तर खलनायकाचं हिशेबी डोकं एका प्रसंगात कळतं.

दंगल आणि पैसा यांना जोडणारा दुवा आम्हाला जिल्ह्याच्या नकाशातच सापडला. गोव्यातली स्वस्त दारू चोर्ला घाटातून कणकुंबीमार्गे खानापूर तालुक्यात उतरते. वरच्या अंगाला राष्ट्रीय महामार्ग ४८ कोगनोळीला महाराष्ट्रात शिरतो. शहरात गडबड झाली की तालुक्यातली माणसं बंदोबस्ताला आत ओढली जातात आणि नाके उघडे पडतात. मग गोष्टीतला इन्स्पेक्टर दंगल घडवत नाही. ती एक रात्र जास्त चालू द्यायची, एवढंच तो करतो. आम्हाला हा खलनायक जास्त खरा वाटला. बाहेरून आलेल्या केएसआरपीच्या (राज्य राखीव पोलिसांच्या) तुकडीला गल्ल्या आणि चेहरे ठाऊक नसतात, व्हिडिओतला माणूस ओळखायला ठाण्याचा बीट कॉन्स्टेबलच लागतो. लाच घेणारी साखळी या कॉन्स्टेबलपासून सुरू होते, स्टेशन रायटरकडे (ठाण्यातल्या लेखनिकाकडे) मुरते आणि वर जाते. “साहेबांनी बोलावलंय, जरा येऊन जावा की. घाबरू नका ओ, नुसतं विचारायचं हाय.” आवाज चढवून म्हटलेल्या कुठल्याही धमकीपेक्षा या वाक्याला प्रेक्षक जास्त दचकतो.

आता सापळा. इथे सीमेपलीकडून आलेला लेखक हमखास ‘अँटी करप्शनवाले’ लिहितो. कर्नाटकात २०१६ मध्ये वेगळा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग झाला होता, पण उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये तो रद्द केला आणि काम पुन्हा लोकायुक्त पोलिसांकडे आलं. त्यामुळे आमच्या गोष्टीतला दुकानदार लोकायुक्तांकडे जातो. तो किती दिवसांत जातो, यालाही कायद्याने घड्याळ लावलंय. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवलं तरच सुटका. पहिला हप्ता देऊन बसलेल्या माणसाच्या डोक्यावर हे सात दिवस ठेवले की मध्यंतराआधीचा अर्धा तास आपणहून चालतो, पाठलागाची गरज पडत नाही.

सापळ्याचा क्रम आम्ही जसा असतो तसाच ठेवला. दोन पंच, म्हणजे त्रयस्थ साक्षीदार. नोटांचे क्रमांक पंचनाम्यात. नोटांवर फिनॉल्फथॅलिनची पूड कापसाने अगदी पातळ फिरवायची. मग प्रात्यक्षिक: एक जण नोटांना हात लावून बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतो आणि पाणी गुलाबी होतं. नोटा तक्रारदाराच्या खिशात ठेवतो तो दुसराच कुणीतरी, तक्रारदाराने आधी त्यांना हात लावायचा नाही. एक पंच त्याच्याबरोबर सावलीसारखा जातो. पैसे घेतल्यावर ठरलेली खूण, मग उजवा आणि डावा हात वेगवेगळ्या भांड्यांत धुवून ते पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत सीलबंद. हात धुतल्याचा प्रसंग खोट्या रंगाने करायची काहीच गरज नाही, खरी रासायनिक क्रिया कॅमेऱ्यासमोर सहज होते. पेलाभर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा पुरतो. फसतं ते दोन ठिकाणी. पूड जास्त लागली की नोटेवर पांढरी दिसते आणि लाच घेणारा आंधळा वाटतो. आणि पिवळ्या बल्बखाली गुलाबी रंग मातकट दिसतो. मागे पांढरा कागद आणि बाजूने थंड पांढरा प्रकाश लागतो. पूड पोटात जाता कामा नये, म्हणून त्या टेबलावर चहा-भजी बंद आणि दृश्य झाल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे.

कायद्याचा बारकावाही इथे नाट्य देतो. नुसत्या नोटा सापडून भागत नाही, मागणी सिद्ध व्हावी लागते. म्हणून मुरलेला अधिकारी आकडा उच्चारत नाही, “तुमचं तुम्हीच बघा की” एवढंच म्हणतो आणि हाताने घेत नाही, ड्रॉवर उघडा ठेवतो. त्याचे हात कोरडेच राहतात. सापळा फसतो कसा, हे दाखवायला एवढं पुरलं.

नोटांसारखे कागद छापायचे नाहीत, न्यायसंहितेच्या १८२ कलमाखाली तो गुन्हा आहे. बंडलात वर-खाली खऱ्या पाचशेच्या आणि मध्ये १५० बाय ६६ मिलिमीटर कापलेले कोरे कागद. कडा दिसणार असतील तर त्यांच्यावर चहाच्या पाण्याचा हात फिरवायचा, कोरा कागद दिव्यात फार पांढरा चमकतो. पाच लाख म्हणजे शंभरी दहा बंडलं. अभिनेत्याने पिशवी त्या वजनाने उचलली पाहिजे.

बेळगावात हे चित्रित करायचं म्हणजे कॅमेऱ्याइतकंच कॅलेंडर सांभाळायचं. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक राज्योत्सव आणि दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिवस. त्याच्या अलीकडे-पलीकडे परवानगीचा विषयच काढायचा नाही. डिसेंबरात साधारण सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं, सगळा बंदोबस्त तिकडे. गणपतीत नाही. जूनपासून पाऊस इतका की खानापूर बाजूला कॅमेरा बाहेर निघत नाही. उरतो जानेवारी ते मार्च, त्यातही परीक्षांच्या काळात भोंगा आणि घोषणा सकाळी उशिरानेच.

गोष्टीतलं शहर आम्ही काल्पनिक ठेवलं आणि अशांततेचं कारणही पाणीपुरवठ्याच्या ठेक्याचं. सीमाप्रश्नाला हात घालायचा तर तो स्वतंत्र सिनेमा आहे. थरारपटाच्या पार्श्वभूमीला तो चिकटवला की लाचखोरी बाजूला पडते आणि प्रेक्षक फक्त ‘कुठल्या भाषेचा पोलीस वाईट दाखवला’ एवढंच मोजतो. झेंडे म्हणून भगवा नाही, लाल-पिवळा नाही, निळा-हिरवाही नाही. रिकाम्या घागरी आणि पांढऱ्या पाट्या, बस्स.

परवानगीचा अर्ज कन्नडमध्ये द्यावा, टेबलावर टेबल सरकायला सोपं पडतं. सोबत कथेचा एक पानी सारांश, जागेचा हाताने काढलेला नकाशा, माणसं, गाड्या आणि बनावट गणवेश यांचे आकडे, आग-धूर असेल तर कुठे आणि किती वेळ. पोलीस आयुक्तालय, वाहतूक शाखा, महानगरपालिका आणि अग्निशमन दल हे चार दरवाजे ठरलेले. कॅम्प भाग आला की कँटोन्मेंट बोर्ड वेगळं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, सांबऱ्याचं विमानतळ आणि हवाई दलाचं ठाणं या सगळ्यामुळे ड्रोनचा हट्ट सोडलेला बरा. चार मजली इमारतीची गच्ची भाड्याने मिळते. सारांशात ‘भ्रष्ट पोलीस’ हा भाग लपवू नये. लपवलेलं सेटवर कळलं की परवानगी त्याच तासाला जाते, उघड सांगितलं तर फार तर चार प्रश्न जास्त विचारतात.

गणवेश भाड्याने घेताना फसगत ठरलेली. कोल्हापूर-पुण्याकडचे पुरवठादार महाराष्ट्राचा साठा देतात. खांद्यावरची अक्षरं, बिल्ला, टोपी सगळं वेगळं. कर्नाटकाच्या राज्यचिन्हात गंडभेरुंड आहे. कॉन्स्टेबलची एका बाजूने दुमडलेली स्लाउच हॅट ही कित्येक दशकांची ओळख. २०२५ मध्ये तिच्या जागी गडद निळी पीक कॅप आली, म्हणून इथेही साल आधी. तीन स्टार आणि त्यांच्या पायथ्याला लाल-निळी फीत म्हणजे इन्स्पेक्टर. फीत गळून पडली की तोच माणूस एसीपी (सहायक आयुक्त) होतो, आणि दुपारच्या घामाने ती खरंच गळते. वेल्क्रो लावून आतून दोन टाके मारून घ्यावेत. प्रत्येक गणवेशाला क्रमांक आणि वहीत नट, वेळ, सही. फसवण्याच्या हेतूने लोकसेवकाचा गणवेश घालणं हा न्यायसंहितेच्या २०५ खाली गुन्हा. तुमचा हेतू तसा नसतो, पण गणवेशातला नट कोपऱ्यावर चहाला गेला आणि टपरीवाल्याने पैसे घेतले नाहीत, की समजावत बसा. लोकेशनच्या बाहेर पाऊल टाकायचं तर वरून जॅकेट आणि टोपी जमा.

बोलेरोवरचं ‘पोलीस’ चुंबकी शीटवर छापून घेतलं, ओढलं की निघतं. दिवा आणि केए २२ची खोटी पाटी फक्त बंद केलेल्या गल्लीत; रस्त्यावर गाडी तिच्या खऱ्या नंबरानेच धावते.

गर्दीचं गणित असं. साठ माणसं रुंद रस्त्यावर उभी केली तर रांग दिसते. दहा-बारा फुटी गल्लीत, पुढे वळण असेल अशा जागी, ८५ किंवा १३५ मिलिमीटरची लेन्स लावून छातीच्या उंचीवरून घेतली तर तीच साठ माणसं तीनशेच्या वर वाटतात. वळणापलीकडे आणखी किती आहेत हे प्रेक्षक स्वतःच भरून घेतो. कॅमेऱ्याजवळून पुढे गेलेल्यांनी मागच्या बोळातून फिरून शर्ट बदलून परत यायचं. लाल आणि पिवळे शर्ट नकोत, फेरी मारून आलेला चटकन ओळखू येतो. दहा-दहाचे गट आणि प्रत्येकाला एक म्होरक्या. सूचना फक्त म्होरक्याला. ‘कट’ची खूण शिट्टीने करू नये, दृश्यातले पोलीसही शिट्ट्याच फुंकत असतात. भोंगा वापरावा, आणि भोंगा वाजला की प्रत्येकाने हात वर करून जागच्या जागी थांबायचं, पळत असला तरी.

सगळ्यात नाजूक भाग घोषणांचा. गल्लीत खरी घोषणा दिलीच नाही. जमाव तोंडाने जोरात ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणतो आणि घोषणा नंतर स्टुडिओत ध्वनिमुद्रित होतात. कारण वरच्या खिडकीतून कुणीतरी मोबाईलवर घेणारच. गणवेशातली माणसं लोकांना मारतायत, वर खरी वाटणारी घोषणा, असा वीस सेकंदांचा तुकडा तासाभरात कोल्हापूर आणि हुबळीपर्यंत पोहोचतो, आणि बेळगावच्या नावाने पोहोचला तर उद्या बस थांबतात. म्हणून गल्लीच्या दोन्ही तोंडांना कन्नड-मराठी दोन्ही भाषांत ‘चित्रीकरण सुरू आहे’चे मोठे फलक, ते फ्रेममध्ये येऊ नयेत पण खिडकीतून दिसावेत अशा उंचीला. आदल्या दिवशी घरोघरी चिठ्ठी. सकाळी भागातल्या बीटच्या पोलिसाला आणि गल्लीतल्या पंच मंडळींना बोलावून सेट दाखवायचा. खडे बाजार, गणपत गल्ली असल्या ठिकाणी हे करायचा विचारही करू नये. तिथले मोकळे शॉट हवे असतील तर पहाटे साडेसहाला बंद शटरचे, माणसांविना, घेऊन यावेत. संचारबंदीसाठी ते उत्तम चालतात.

दगड थर्मोकोलचे नकोत, वाऱ्याने मागे येतात. स्पंज कापून, फेविकॉलमध्ये वाळू आणि राखाडी डिस्टेंपर कालवून लेप द्यायचा, आत ओल्या कापडाचा बोळा. तो नीट वक्र घेऊन पडतो आणि लागला तर फक्त चिखलाचा डाग. लाठीला एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम, वरून बांबूच्या रंगाचा टेप. गुडघा, कोपर आणि कवटी या तिन्ही ठिकाणी मार बसताना दाखवायचा नाही, कॅमेरा पाठीमागे ठेवून सावलीवर भागवायचं.

खिडकीची काच साखरेची. एक किलो साखर, सहाशे मिली पाणी, चारशे ग्रॅम लिक्विड ग्लुकोज. केकच्या सामानाच्या दुकानात ते मिळतं. ढवळत न बसता १५० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचं आणि तेल लावलेल्या ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये चार मिलिमीटरचा थर ओतायचा. साधारण फूट बाय दीड फूट काच निघते आणि थोडं उरतं. १६०च्या पुढे गेलं की पिवळी पडते, १५०च्या खाली राहिलं की फुटण्याऐवजी वाकते. दमट हवेत दोन तासांत चिकट होते, म्हणून सकाळी ओतून सकाळीच फोडायची. तिच्याही कडा कापतात, डोळ्यांच्या उंचीला नको.

टायर जाळायचा नाही. भोकं पाडलेल्या नळीला रेग्युलेटरने गॅस जोडून जुन्या टायरच्या मागे ठेवायची. व्हॉल्व्हवर एक माणूस, त्याचं दुसरं काही काम नाही. सहा किलोचे दोन एबीसी अग्निशामक, वाळूच्या बादल्या, ओली पोती, आणि पैसे भरून बोलावलेला बंब. अश्रुधूर म्हणजे कोळशावर धूप आणि फॉग मशीन यांचा मिलाफ. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, दुपारी वारा सुटला की धूर फ्रेममध्ये उभा राहत नाही. सगळी धुराची दृश्यं सकाळी आठच्या आत.

आवाजाला बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात वेगळीच अडचण: यंत्रमागांची खटखट. दृश्य तोडून घेतलं की प्रत्येक तुकड्यात लय वेगळी पडते. एक तर मागमालकांच्या सुट्टीच्या दिवशी जायचं, नाही तर ती खटखट वेगळी मुद्रित करून सगळ्या दृश्याखाली सलग पसरायची. आम्ही दुसरा मार्ग घेतला, आणि दंगल झाल्यावर माग थांबतात तेव्हाची शांतता आयती मिळाली. ठाण्यातले संवाद कानडीत, दुकानदाराशी बोलताना तोच पोलीस मराठीत, वायरलेसवर “हौद्री सर”. नट दोन्ही भाषा बोलणाराच हवा. पाठ केलेली कानडी इथला प्रेक्षक पहिल्याच ‘री’ला पकडतो. पोरांच्या तोंडी ‘काय करूलालास बे’ (काय करतोयस रे) ठेवलं तर पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकासाठी मराठी उपशीर्षकं द्यायची तयारीही ठेवावी.

दुकानांच्या पाट्यांवर वर कन्नड, खाली मराठी-इंग्रजी. २०२४ च्या दुरुस्तीनंतर ६० टक्के कन्नड बंधनकारक आहे, त्यामुळे त्याआधीच्या काळातली गोष्ट असेल तर पाट्यांची प्रमाणंही बदलावी लागतात. कला विभागाने हे काम सर्वात आधी हातात घ्यावं, रंगवायला वेळ जातो.

चित्रपटगृहात दाखवायचं तर सेन्सॉर मंडळाचं प्रमाणपत्र. २०२४ च्या नियमांपासून यूए (पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायच्या) गटात ७, १३ आणि १६ अशा वयाच्या तीन पायऱ्या आहेत. या विषयाला १६ची तयारी ठेवूनच संकलन केलं. सार्वजनिक सुव्यवस्था हा मुद्दा मंडळाच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहेच, म्हणून घोषणांची, पाट्यांची आणि झेंड्यांच्या रंगांची यादी अर्जासोबत तयार ठेवावी. कानडी संवादांचं भाषांतर संहितेत ओळीला ओळ जुळतं का, हे अर्ज भरण्याआधी दोन्ही भाषा येणाऱ्या एका वकिलाकडून वाचून घ्यायचं. ठाण्याच्या भाषेत एक कलम चुकलं की सबंध दृश्याचं डबिंग पुन्हा करावं लागतं.